अक्षरजुळणी : मुद्रणाच्या साखळीत वाचणारा कुठे आहे?

मराठी पुस्तक हाती आले की पुष्कळ वाचक मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि अर्पणपत्रिका पाहून थेट पहिल्या प्रकरणाकडे वळतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र मधल्या एका पानावर थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते. ते पान म्हणजे श्रेयपृष्ठ. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार, आवृत्ती आणि किंमत यांच्या सोबतीने तेथे बहुधा एक शब्द असतो : अक्षरजुळणी. शिशाचे खिळे गेले, खणांच्या केशी गेल्या, उभ्याने काम करणारा जुळारी गेला, तरी शब्द राहिला. आज त्या शब्दापुढे ज्यांचे नाव असते त्यांनी एकही अक्षर जुळवलेले नसते. बहुतेक वेळा लेखकानेच टंकलिखित करून पाठवलेली फाइल त्यांनी पानांत मांडलेली असते. शब्द तसाच राहिला आणि त्यामागचे काम बदलले, हे भाषेत नेहमीच घडते. पण या शब्दाच्या मागे जो बदल झाला तो साहित्याच्या अभ्यासकाला जवळचा आहे. छापला जाणारा मजकूर छापण्यापूर्वी किती जणांनी वाचला, हा त्या बदलातला कळीचा प्रश्न आहे.

मुद्रणव्यवसायात गेली काही दशके ‘ऑटोमेशन’ आणि ‘वर्कफ्लो’ हे दोन शब्द सतत ऐकू येतात. मजकूर तयार होण्यापासून बांधणी होऊन पुस्तक बाहेर पडेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकमेकींना जोडायच्या, एका पायरीवरची माहिती पुढच्या पायरीला आपोआप पोहोचवायची आणि मधला मानवी हात कमी करायचा, असा त्यांचा एकत्रित अर्थ आहे. हा विषय यंत्रज्ञांचा आणि हिशेबनिसांचा मानून साहित्याची मंडळी त्याकडे पाहत नाहीत. आमच्या मते हा संहितेच्या इतिहासाचा विषय आहे, आणि त्याच दृष्टीने त्याची येथे मांडणी करीत आहोत.

प्रारंभी ही साखळी एकाच माणसात सामावलेली होती. मुंबईत १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढणारे गणपत कृष्णाजी हे यंत्र उभारण्यापासून शाई तयार करण्यापर्यंत सगळे स्वतःच्या खटपटीने करीत होते. पुढे खिळ्यांचे मुद्रण रुळले आणि कामाच्या वाटण्या झाल्या. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी माणूस तेथे अक्षरांचे ठसे कोरीत होता, जुळारी खिळे जुळवीत होते आणि काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारखे पंडित ग्रंथ शोधून, संपादून छपाईला देत होते. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांना पुढे देशभर जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यात खिळ्यांच्या सौंदर्याइतकाच या वाचणाऱ्या डोळ्यांचा वाटा होता.

त्या काळच्या साखळीचे कडे कडे सुटे करून पाहू. लेखकाचे हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाई. तो ते वाचून एकेक खिळा उचलून स्टिकमध्ये लावी. ओळींची गॅली भरली की तिचे मुद्रित निघे. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा मुद्रितावर खुणा करी. दुरुस्त गॅलीचे मुद्रित लेखकाकडे जाई आणि लेखक बहुधा स्वतःचेच वाक्य नव्याने लिहून परत पाठवी. मग पाने पडत, पानांचे पुन्हा मुद्रित निघे, फर्मा यंत्रावर चढला की यंत्रमुद्रित निघे आणि तेही कोणीतरी नजरेखालून घाली. छपाई झाली की खिळे सुटे करून आपापल्या घरात टाकले जात, तेव्हाही तो मजकूर उलट्या अक्षरांत शेवटचा एकदा वाचला जाई. या प्रत्येक सांध्यावर विलंब होता, खर्च होता आणि नवी चूक शिरण्याची भीतीही होती. पण प्रत्येक सांध्यावर एक वाचणारा माणूसही होता. मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यासाठी तो वाचला जाणे अपरिहार्य होते, हे त्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय.

हे वाचणारे हात आपल्या खुणा मागे ठेवीत. शेक्सपिअरच्या १६२३च्या फोलिओचा अभ्यास करताना चार्ल्टन हिनमन यांनी फॉल्जर ग्रंथालयातल्या प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि १९६३ साली दोन खंडांत आपले निष्कर्ष मांडले. एकाच आवृत्तीच्या प्रतींत पाठ वेगवेगळे का सापडतात, तर छपाई सुरू असतानाच यंत्र थांबवून दुरुस्त्या होत असत. आणि त्या नाटकांचे खिळे किमान पाच जणांनी जुळवले, हे त्यांनी शब्दांच्या लेखनाच्या सवयींसारख्या खुणांवरून दाखवून दिले. ज्यांची नावे माहीत नव्हती अशा त्या जुळाऱ्यांना अभ्यासकांनी अ, ब, क अशी अक्षरे दिली. त्यांतला पाचवा बहुधा शिकाऊ असावा, कारण त्याच्या चुका फार आहेत. आपल्याकडे भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा लेखनिकांच्या चुका हाच पाठपरंपरा लावण्याचा एक मोठा आधार होता. पाठचिकित्सेचे सारे शास्त्र मजकूर हाताळणाऱ्या माणसांच्या खुणांवर उभे आहे.

आता यंत्राकडे वळू. ओटमार मर्गेन्थालर यांचे लायनोटाइप १८८६ मध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात सुरू झाले. नव्वद कळांच्या पट्टावर बोटे चालवायची आणि यंत्राने सबंध ओळ शिशात ओतून द्यायची, अशी ती रचना. टॉलबर्ट लॅन्स्टन यांनी १८८७ मध्ये ज्याचे एकस्व मिळवले ते मोनोटाइप आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्यात कळपट्ट आणि ओतयंत्र ही दोन वेगळी यंत्रे होती. त्यांना जोडणारी वस्तू म्हणजे छिद्रे पाडलेली कागदाची पट्टी. कळ दाबली की पट्टीवर छिद्रे पडत. ती पट्टी नंतर दुसऱ्या खोलीतल्या ओतयंत्राला द्यायची. ओतयंत्र ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाची, कारण ओळीतल्या शब्दांमध्ये किती जागा सोडायची हे ओळ संपल्यावरच ठरे आणि त्याची नोंद ओळीच्या शेवटी केलेली असे. मजकुराचे रूपांतर येथे अशा वस्तूत झाले होते जी माणसाने वाचायची नव्हती. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथे टेलिटाइपसेटरचे प्रात्यक्षिक झाले आणि ही छिद्रे तारेवरून एका गावाहून दुसऱ्या गावी धाडता येऊ लागली. एका शहरातल्या बोटांनी दुसऱ्या शहरातले शिसे हलवायचे. ‘जोडलेला कार्यप्रवाह’ या आजच्या कल्पनेचे बीज आम्हांला येथे दिसते.

देवनागरीला या साखळीत शिरणे सोपे नव्हते. मोनोटाइपच्या साच्यांच्या चौकटीत पंधरा ओळी आणि पंधरा रकाने, म्हणजे २२५ घरे असत. पुढे ती थोडी वाढली. लायनोटाइपच्या कळा नव्वद. मराठीची जोडाक्षरे, काने-मात्रे, रफार, रुकार धरून हाताच्या जुळणीला शेकडो खिळे लागत. तेव्हा यंत्राने लिपीकडे पहिली मागणी केली ती संख्या घटवण्याची. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणण्याचा उद्योग केला होता. मूळचे मुंबईचे शंकर आबाजी भिसे परदेशी जाऊन खिळे ओतण्याच्या यंत्रावर आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालीत होते. न्यूयॉर्कमध्ये हरि गोविल यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी मर्गेन्थालर कंपनीच्या साहाय्याने देवनागरी लायनोटाइप सिद्ध केले. सावरकरांनी ‘अि, अु, अे’ अशी स्वरचिन्हे सुचवली त्यामागेही टंकांची संख्या घटवण्याची दृष्टी होती. आणि १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न देता दीर्घ वेलांटीप्रमाणे नंतर, पण आखूड दांडीची द्यावी, असे ठरले. तो ठराव लोकांनी स्वीकारला नाही. डोळ्यांना सवय नव्हती आणि आखूड-लांब दांडीतला फरक सहज कळेना. यंत्राच्या सोयीसाठी लिपी वाकवण्याचे हे प्रयत्न पुढे मागे पडले. त्यांतल्या एकाचे पुढे काय झाले ते या लेखात पुन्हा येईल.

पाश्चात्त्य वृत्तपत्रांत याच सुमारास साखळीच्या सांध्यांवरून मोठा संघर्ष पेटला होता. अमेरिकेतल्या जुळाऱ्यांच्या संघटनेचा एक जुना नियम होता. जाहिरातदाराकडून तयार साचा आला आणि त्यावरून जाहिरात छापली, तरी छापखान्यातल्या जुळाऱ्यांनी तीच जाहिरात पुन्हा जुळवायची, तिचे मुद्रित काढून तपासायचे आणि मग ते शिसे वितळवून टाकायचे. या निरुपयोगी जुळणीला ते ‘बोगस’ म्हणत. मालकांनी त्याविरुद्ध दाद मागितली, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ही प्रथा बेकायदा ठरवण्यास नकार दिला. वरवर पाहता हा नियम हास्यास्पद वाटतो. काम हिरावले जाऊ नये म्हणून माणसे न छापण्यासाठी अक्षरे जुळवीत होती. पण एक सांधा निखळला की त्या सांध्यावरचा माणूसही जातो, हे त्यांनी इतरांच्या आधी ओळखले होते.

१९६२-६३ मध्ये न्यूयॉर्कची वृत्तपत्रे ११४ दिवस बंद राहिली. तंट्याच्या मुळाशी वेतनाबरोबरच यंत्रांचा प्रश्न होता. अखेर १९७४ मध्ये तडजोड झाली. असलेल्या जुळाऱ्यांना आजन्म रोजगाराची हमी मिळाली आणि बदल्यात मालकांना संगणक आणण्याची मोकळीक मिळाली. २ जुलै १९७८चा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हा शिशाच्या जुळणीवर निघालेला त्या पत्राचा शेवटचा अंक. लंडनचा ‘टाइम्स’ नव्या यंत्रांच्या वादात १ डिसेंबर १९७८पासून जवळजवळ वर्षभर निघाला नाही. जानेवारी १९८६ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीने आपली वृत्तपत्रे वॉपिंगच्या नव्या कारखान्यात हलवली आणि संपावर गेलेल्या पाच हजारांहून अधिक कामगारांना कामावरून काढले. तो लढा १९८७च्या फेब्रुवारीत कामगारांच्या पराभवाने संपला. यानंतर वार्ताहराने दाबलेली कळ हीच अंतिम कळ ठरली. मजकूर दुसऱ्यांदा टंकित करण्याचे कारण उरले नाही. या इतिहासात कामगारांचे नुकसान नोंदले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच्या जोडीने झालेले दुसरे नुकसान मात्र कोणी फारसे नोंदले नाही. मजकूर नव्याने जुळवावा लागत नाही, म्हणजे तो नव्याने वाचावाही लागत नाही.

यापुढचा प्रवास वेगाचा आहे. १९८४ मध्ये अडोबीने पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली. १९८५ मध्ये लेझरचा छापक आणि पेजमेकर हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर आले आणि टेबलावर बसून पान लावता येऊ लागले. १९९३ मध्ये पीडीएफ आले. अक्षरे, चित्रे, रंग सगळे एका फाइलीत बांधून पान जसे दिसले तसेच दुसऱ्याच्या यंत्रावर दिसेल, अशी त्याची हमी होती. १९९०च्या दशकाच्या मध्यास संगणकावरून थेट छपाईची प्लेट काढण्याचे तंत्र बाजारात आले आणि फिल्म, ती जोडून पान बसवणारा कारागीर, प्लेट उघडणारा कारागीर हे सांधे एकदमच गळाले.

मग एका कारखान्यातली सगळी यंत्रे एकमेकांशी बोलू लागावीत, ही आकांक्षा आली. १९९५ मध्ये युरोपात यंत्रनिर्मात्यांनी ‘सीआयपी ३’ नावाचा गट स्थापला. त्याचे मर्म समजून घेण्यासाठी ऑफसेट यंत्रासमोर उभ्या असलेल्या छापणाऱ्याची कल्पना करावी. शाईच्या पेटीवर रांगेने कळा असतात. पानाच्या ज्या पट्ट्यात चित्र गडद तेथे शाई जास्त सोडायची, जेथे कोरा कागद तेथे कमी. अनुभवी माणूस प्लेट पाहून अंदाज घेई, काही कागद छापून वाया घालवी, मग कळा नेमक्या बसवी. नव्या व्यवस्थेत पान तयार करणाऱ्या संगणकातूनच कोणत्या पट्ट्यात किती शाई लागेल याचा आकडा निघे आणि यंत्राच्या कळा आपोआप जागेवर येत. कागद कोठे कापायचा, कोठे घडी पाडायची याचीही माहिती त्याच वाटेने बांधणीपर्यंत जाई. २००० साली हाच गट ‘सीआयपी ४’ झाला आणि २००१ मध्ये ‘जेडीएफ’ या नावाने कामाच्या चिठ्ठीचे एक सामाईक संगणकीय रूप जाहीर झाले. पूर्वी प्रत्येक कामाबरोबर एक पाकीट फिरे. कागद कोणता, प्रती किती, बांधणी कशी हे त्यावर लिहिलेले असे आणि प्रत्येक खात्यातला माणूस त्यावर आपली नोंद करी. ते पाकीट आता यंत्रांनीच एकमेकांना द्यायचे आणि यंत्रांनीच भरायचे. अंदाजपत्रकापासून बिलापर्यंत एकच धागा. २०१८ मध्ये याची सुटसुटीत केलेली नवी रचनाही आली.

या साखळीतही तपासणी असते, आणि ती कसोशीने होते. फाइल छापखान्यात शिरताच सॉफ्टवेअर ती तपासते. टंक फाइलीत बांधलेले आहेत का, चित्रांची घनता पुरेशी आहे का, रंग छपाईच्या चार रंगांत आहेत का, कडेला कापायला जागा सोडली आहे का. माणसाच्या नजरेतून सुटतील अशा कित्येक चुका ते क्षणार्धात दाखवते. मात्र कवितेची एक ओळ गळाली असेल तर ते काही बोलत नाही. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ पडला तर डोंगरातून वाट काढणारा माणूस समुद्रात जातो, पण दोन्ही शब्दांचा आकार निर्दोष असल्यामुळे तपासणीत दोन्ही उत्तीर्ण होतात. यंत्र पान तपासते. मजकूर तपासणे हे त्याला सांगितलेले कामच नाही.

मराठीच्या बाबतीत या कथेला आणखी एक पीळ आहे. पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक स्थापन झाली, भारतीय लिप्यांसाठी संगणकीय तंत्र विकसित झाले आणि पाठोपाठ निरनिराळ्या कंपन्यांची टंकसंचांची पाकिटे मराठी छापखान्यांत पोहोचली. ती छपाईसाठी उत्तम होती. पण त्या काळच्या टंकांत अक्षरांना मिळून जेमतेम अडीचशे घरे असत आणि ती मुळात रोमन लिपीसाठी आखलेली. म्हणून त्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले गेले. अर्धा ग एका घरात, काना दुसऱ्या घरात, रफार तिसऱ्या घरात. पुष्कळ टंकांत ‘ग’ हे अक्षरच अर्धा ग आणि काना मिळून तयार होई. म्हणजे ज्या काळात शिशाची जुळणी संपली असे आपण समजत होतो, त्याच काळात संगणकाच्या पोटात तुकड्यांची जुळणी पुन्हा सुरू झाली होती. शिवाय प्रत्येक कंपनीची घरे वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याच्या टंकात उघडली की अनर्थ. पीडीएफमधून पान छापखान्यात निर्विघ्न जाई, प्लेट निघे, पुस्तक बाहेर पडे. साखळी पूर्ण जोडलेली होती. तिच्यातून पानाचा आकार वाहत होता आणि अक्षर मात्र वाटेतच राहिले होते.

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या फायली आमच्या हाती आल्या. छापील अंक कपाटात सुस्थितीत होते. फायली उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अनाकलनीय चिन्हे यांचा खच पडला. ज्या टंकात त्या रचल्या होत्या तो टंक आता कोणाजवळ नव्हता. शंभर वर्षांपूर्वीचे निर्णयसागरचे पुस्तक आजही डोळ्यांनी वाचता येते आणि पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर रचलेला मजकूर संगणकालाच वाचता येत नाही, असा हा विपर्यास. छापील प्रत उरली म्हणून तो मजकूर उरला.

युनिकोड १९९१ मध्ये आले आणि त्याने देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला कायमचा एक क्रमांक दिला. येथे लखनौच्या त्या वेलांटीची आठवण होते. युनिकोडच्या साठवणीत ‘कि’ लिहिताना आधी क येतो आणि ऱ्हस्व वेलांटी त्याच्या नंतर. पडद्यावर मात्र ती अक्षराच्या आधी उमटते. १९५३ मध्ये यंत्रासाठी वाचकाने सवय बदलावी असे सुचवले गेले होते. चार दशकांनी यंत्रानेच दोन क्रम सांभाळायला शिकून घेतले आणि वाचकाचा डोळा होता तसा राहिला. देवनागरीच्या यंत्रेतिहासातली ही मोठी समाधानाची घटना आहे, असे आम्ही मानतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप जाहीर केले आणि ल, श यांची मराठी वळणे नोंदवली, तोही अक्षराच्या बाजूने टाकलेला एक पाय होता.

पण युनिकोड आले तरी पानजुळणीच्या प्रचलित सॉफ्टवेअरांना देवनागरी नीट मांडता येण्यास सुमारे दोन दशके जावी लागली. त्या काळात एक विचित्र रीत पडली आणि काही ठिकाणी ती अजून टिकून आहे. लेखक युनिकोडमध्ये लिहितो, छापखाना ते जुन्या टंकात रूपांतरित करतो, पान लावतो आणि छापतो. रूपांतरात काही जोडाक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. जुळाऱ्याची चूक एका ठिकाणी होई. तो दमला असेल, दिवा मंद असेल, हस्ताक्षर वाईट असेल. रूपांतराची चूक मात्र नियमाने होते. चारशे पानांत जेथे जेथे ते जोडाक्षर आहे तेथे तेथे ती असते. उद्याच्या पाठचिकित्सकाला यातून त्या सॉफ्टवेअरची ओळख पटेल कदाचित, पण माणसाची नाही. लेखकाने शेवटची दुरुस्ती आपल्या युनिकोड प्रतीत केली की छापखान्याच्या प्रतीत, हे तर फार वेळा कोणालाच सांगता येत नाही. एकाच पुस्तकाच्या दोन ‘मूळ’ प्रती दोन संगणकांत असतात आणि त्या जुळत नाहीत.

यात छपाईच्या नव्या पद्धतीची भर पडली. १९९० नंतर संगणकावरून थेट कागदावर पुस्तके छापणारी यंत्रे आली, १९९३ मध्ये रंगीत डिजिटल छपाई आली आणि १९९७ मध्ये अमेरिकेत मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देण्याचा व्यवसाय सुरू झाला. मागणी नोंदली की फाइल यंत्राकडे जाते, मुखपृष्ठ आणि आतली पाने एकत्र येतात, बांधणी होते, पत्ता चिकटतो. यात ‘आवृत्ती’ या शब्दाचा अर्थ पातळ होतो. हजार प्रतींची आवृत्ती छापली की निदान त्या हजार प्रतींपुरता पाठ ठरून जाई. आता सोमवारी छापलेली प्रत आणि शुक्रवारी छापलेली प्रत यांच्यामध्ये लेखकाने फाइल बदलली असेल, तर श्रेयपृष्ठावर ‘पहिली आवृत्ती’ तीच राहते आणि पाठ बदललेला असतो. हिनमनला निदान छपाई थांबवल्याच्या खुणा सापडल्या. येथे काही थांबतच नाही.

हे सगळे लिहिताना गतकाळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. शिशाच्या धुळीत, अपुऱ्या उजेडात आणि अल्प वेतनावर जुळाऱ्यांच्या पिढ्या खपल्या, त्यांच्या कष्टाला रम्यता चिकटवणे अन्यायाचे होईल. शिवाय या जोडसाखळीने साहित्याला जे दिले ते थोडे नाही. तीनशे प्रतींचा कवितासंग्रह काढणे आज परवडते. अप्राप्य झालेला समीक्षाग्रंथ पन्नास प्रतींसाठीही पुन्हा छापता येतो. परदेशी राहणारा मराठी वाचक पुस्तक मागवू शकतो. खिळे अडकून पडले म्हणून लेखकाला दुरुस्ती नाकारण्याचे दिवस गेले. तेव्हा साखळी तोडा, असे कोणी म्हणणार नाही.

आमचे म्हणणे इतकेच की पूर्वी वाचन हे छपाईच्या प्रक्रियेतून आपोआप घडत होते आणि आता ते घडत नाही, म्हणून ते मुद्दाम घडवावे लागेल. मौजेच्या खटाववाडीतल्या छापखान्यातून निघालेली पुस्तके आजही शुद्धलेखनाच्या दृष्टीने विश्वासाने हाताळली जातात, त्याचे कारण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी वाचनाला छपाईइतकेच महत्त्व दिले, हे होय. नव्या यंत्रांवरही ते देता येईल. मात्र आता त्यासाठी वेळ आणि पैसा वेगळा काढावा लागतो, आणि सांधे गाळून खर्च वाचवणे हाच ज्या व्यवस्थेचा पाया आहे तिच्यात पहिली कात्री याच कामाला लागते. अनेक श्रेयपृष्ठांवर ‘मुद्रितशोधन’ ही ओळ दिसत नाही, ती उगाच नव्हे.

साहित्याच्या शिक्षकांकडून आणि विद्यार्थ्यांकडून दोन-तीन साध्या गोष्टी होऊ शकतात. लेखकाने खुणा केलेली मुद्रिते, कागदावरची असोत वा पडद्यावरची, लेखकाच्या हस्तलिखितांइतकीच जपण्याजोगी आहेत, असे ग्रंथालयांना सांगता येईल. प्रकाशकांनी पुनर्मुद्रणात पाठ बदलला असेल तर त्याची तारीख श्रेयपृष्ठावर द्यावी, असा आग्रह धरता येईल. प्रबंधात एखाद्या अलीकडच्या पुस्तकाचे अवतरण देताना आपण कोणत्या छपाईची प्रत वापरली हे नोंदता येईल. आणि जुन्या टंकांत अडकलेल्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचे काम कोठे चालू असेल, तर छापील प्रतीशी त्यांचा शब्दन् शब्द ताडून पाहण्यास विद्यार्थ्यांना बसवता येईल. पाठचिकित्सा शिकण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांला दिसत नाही.

शेवटी श्रेयपृष्ठाकडेच परत जाऊ. १८६७च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव छापणे सक्तीचे केले होते. त्यामागे राज्यकर्त्यांची नजर ठेवण्याची वृत्ती होती, साहित्यप्रेम नव्हते. तरी त्या सक्तीमुळे दीडशे वर्षांच्या छापखान्यांची नावनिशी आपल्याला मिळाली आणि मराठी ग्रंथसूचींना आधार झाला. तो कायदा रद्द करणारा २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४ रोजी अमलात आला आणि तो नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्याच्या कक्षेत नाहीत. म्हणजे पुस्तक कोणी छापले, हे त्यावर लिहिण्याची त्या जुन्या कायद्याची सक्ती आता उरलेली नाही. प्रकाशक सवयीने लिहितील तोवर लिहितील. ‘अक्षरजुळणी’ हा शब्दही सवयीनेच टिकला आहे. त्या शब्दाच्या खाली आणखी एक ओळ असावी आणि तिच्यात एका माणसाचे नाव असावे, ज्याने हे पुस्तक छापण्यापूर्वी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले.